बटण, नाडी, लेस काढली. मग कपडा अंगावर टिकणार कशाने?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते. वडील ६८ वर्षांचे, निवृत्त शिक्षक, चोपड्याजवळच्या गावी राहतात. आठ महिन्यांपूर्वी उजव्या अंगावरून वारं गेलं. आता काठी घेऊन घरातल्या घरात फिरतात, पण उजव्या हाताला पकड नाही. शर्टाची बटणं, पँटचा हुक, बुटाची लेस, यातलं काहीच जमत नाही. तुम्ही ऑनलाइन टी-शर्ट, ट्रॅक पँट आणि नुसता पाय सरकवायचे बूट मागवले. टी-शर्टात डोकं अडकतं, ट्रॅक पँट उठता-बसता खाली येते आणि बूट चालताना टाचेतून निघतो. त्यात पुढच्या महिन्यात घरात लग्न. तुम्ही विचारलंत, बिनबटणाचे कपडे आणि बिनलेसचे बूट कोणत्या कंपनीचे घेऊ?

माझं धुळ्याला शिवणाचं दुकान आहे. ब्लाउज-ड्रेसचं काम असतंच, पण फिजिओथेरपीवाले लकवा, संधिवात, कंपवाताचे पेशंट माझ्याकडे कपड्यांसाठी पाठवतात, ते काम आता माझ्या एकूण कामाच्या निम्मं झालंय. मी डॉक्टर नाही. खांदा कितपत हलवायचा, पायाला पट्टा लागेल का, हे तुमच्या फिजिओला विचारा. कापडाचं मी सांगते, आणि बुटांचंही थोडं, कारण कपडे झाले की लोक बुटांचं विचारतातच.

कंपनीचं नाव सांगून तुमचं काम होणार नाही. बटण, हुक, नाडी, लेस ही सगळी मंडळी दोन कामं करतात. घालताना तोंड मोठं करतात आणि घातल्यावर आवळून धरतात. ती काढून टाकली की ही दोन्ही कामं दुसऱ्या कशाने तरी व्हायला हवीत. कापडाला ताण हवा, नाहीतर घेर हवा, नाहीतर योग्य जागी इलास्टिक हवं. तुमचा टी-शर्ट पहिल्या कामात नापास झालाय, ट्रॅक पँट आणि बूट दुसऱ्यात. तिन्हींवर ‘घालायला सोपे’ असंच लिहिलेलं असणार.

आणि बांधायचं काही नाही म्हणजे सोपं, असंही नाही. धोतराला आणि नऊवारीला एकही बटण नाही, नाडी नाही. पण एका हाताने काष्टा खोचून बघा. म्हणून माझ्याकडे कोणी आलं की मी आधी हातांचं विचारते, कपड्याचं मागून.

काही गोष्टी तुमच्या वडिलांना बघितल्याशिवाय ठरत नाहीत. उजवा हात कोपरात आखडून राहतो की सैल लोंबतो? खांदा दुखतो का? पलंगाच्या कडेला आधाराशिवाय बसता येतं का? पायात घोटा ताठ धरणारा स्प्लिंट आहे का? साखर आहे का, आणि पायाला स्पर्श कळतो का? सगळ्यात महत्त्वाचं, कपडे कोण घालणार, ते स्वतः की घरचं कोणी? दुसऱ्याने घालायचे असतील तर पाठीकडून उघडणारा कपडा सर्वात सोयीचा, पण तो स्वतःला घालता येत नाही. शिक्षक माणूस, आयुष्यभर इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत गेलेला. ‘मन्हं मी घाली लिसू’, माझं मी घालून घेईन, म्हणणाऱ्यातले असतील असं धरून पुढचं लिहिते.

शर्टापासून सुरू करू. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर साधारण २२ ते २३ इंच असतो. टी-शर्टाचा गळा ताणून तेवढा होतो, पण दोन्ही हातांनी ताणला तर. एका हाताने तो एकाच बाजूला ओढला जातो, कान आणि चष्मा अडकतो, आणि आत अंधारात माणूस घाबरतो. म्हणून गळा न ताणताच डोकं गेलं पाहिजे. मी साध्या सुती कापडाचा सदरा शिवते तेव्हा १६ इंची गळ्याला पुढे ७ इंचांची चीर देते. चिरेच्या दोन्ही कडा धरून तोंड ३० इंचांचं होतं, डोकं आरामात जातं. मग चीर उघडी राहणार नाही का? राहील, जर पट्टी मऊ असेल तर. पट्टी सव्वा इंच रुंद ठेवायची, एकीवर दुसरी चढवायची आणि आत हलकं बकरम, म्हणजे ताठपणा देणारं कापड, घालायचं. छातीवर ती आपोआप सपाट बसते. वरचं एखादं बटण उघडं ठेवल्यासारखं दिसतं, इतकंच.

पण त्यांना सदरा नको, शर्टच हवा असेल, तर नवीन काही घेऊ नका. त्यांचाच एखादा ढगळ शर्ट घ्या. वरची दोन बटणं सोडून खालची सगळी लावा आणि पट्टी आतून टीप मारून बंद करून टाका. बटणं जिथल्या तिथे दिसतात, कॉलर तशीच, खिसा तसाच, पण शर्ट डोक्यावरून जातो. समोरच्याला काही कळत नाही. फक्त छातीला नेहमीपेक्षा दोन इंच जास्त सैलपणा हवा आणि बाजूच्या शिवणी खालून चार इंच उसवून चिरा द्यायच्या, म्हणजे तो नितंबांवर न अडकता उतरतो. अंगासरशी शिवलेले शर्ट यात चालत नाहीत.

लोक विसरतात ती गोष्ट म्हणजे कफ. उजवा हात गेलेल्या माणसाला डाव्या कफाचं बटण लावताच येत नाही, कारण ते उजव्याच हाताने लावावं लागतं. चांगला हात आणि अडचण त्याच बाजूला! शिरपूरकडचे एक बापू माझ्याकडे यायचे, ते डावा कफ दातांनी ओढायचे; त्यांचे सगळे शर्ट त्या एका जागी चावलेले होते. उपाय सोपा आहे. ते बटण दोऱ्याने न शिवता बारीक इलास्टिकच्या छोट्या फासाने शिवायचं आणि कायमचं लावून ठेवायचं. हात जाताना कफ ताणतो, मग परत मनगटावर बसतो. उजव्या कफाला हे करू नका. लकव्याच्या हाताला बऱ्याचदा सूज येते, तिथे आवळ नको. उजवी बाही सरळ उघडीच ठेवा किंवा अर्ध्या बाहीचा शर्ट करा.

मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती गोलाई, दीड इंच खाली उतरवून घ्या. जुन्या सदऱ्यांच्या बगलेत एक चौकोनी तुकडा जोडलेला असायचा, आठवतो? हल्ली तो कोणी लावत नाही, पण आखडलेल्या हाताला त्याच्याइतकी मोकळीक दुसऱ्या कशाने मिळत नाही. तयार टी-शर्टच घ्यायचा असेल तर ज्याची बाही खांद्यावर न जोडता गळ्यापासून तिरपी येते, तो घ्या. त्याला रॅगलन म्हणतात, दुकानदाराला कळतं.

घालायची पद्धत फिजिओने दाखवली असेलच, तरी सांगते, कारण कपडा चांगला आणि क्रम चुकला तर सगळं फुकट जातं. बसून घालायचं. शर्ट मांडीवर पालथा पसरायचा, खालची कड पोटाकडे, कॉलर गुडघ्यांकडे. लकव्याचा हात आधी बाहीत घालायचा, बाही कोपराच्या वर चढेपर्यंत थांबायचं, मग चांगला हात आणि शेवटी डोकं. काढताना उलटं, चांगला हात आधी सोडवायचा. घरच्यांनी मदत करताना उजवा हात धरून ओढू नये. लकव्याचा खांदा सांध्यात सैल झालेला असू शकतो. मी उजव्या बाहीच्या आत लाल फितीचा तुकडा लावून देते, म्हणजे कोणती बाही आधी ते शोधावं लागत नाही.

आता पँट. तुमची ट्रॅक पँट का उतरते? एक तर कापड पॉलिस्टरचं, गुळगुळीत. दुसरं, बसलं की पाठीमागचं कापड सीटवर, म्हणजे नितंबांवर, ताणलं जातं आणि कंबर खाली खेचते. उठताना आपण दोन्ही हातांनी नकळत वर ओढतो, त्यांना ते जमत नाही. इलास्टिक आणखी घट्ट केलं तर एका हाताने सीटवरून वर चढणारच नाही. म्हणून दोन मापं वेगळी धरावी लागतात: चढताना सीटचं माप, चढल्यावर कमरेचं.

कंबर ३६ आणि सीट ४० धरा. मी कमरेचं तोंड ४२ इंच कापते. पुढचे २० इंच सपाट पट्टी, त्यावर खोटी झिप-पट्टी आणि बेल्टचे लूप, म्हणजे दिसायला पँटच. मागचे २२ इंच नेफा, त्यात दीड इंच रुंदीचं इलास्टिक घालून ते १४ वर आणायचं. सैल असताना एकूण ३४ होतं आणि कमरेवर हलकेच बसतं. बारीक इलास्टिक नको, ते वळतं आणि रुततं. मागची उंची नेहमीपेक्षा दीड-दोन इंच जास्त ठेवायची, बसल्यावर कंबर उघडी पडत नाही. मागचे खिसे लावायचेच नाहीत. दिवसातला बराच वेळ बसणाऱ्याला ती शिवण टोचते आणि पायाला संवेदना कमी असेल तर सीटवरही कमी असू शकते, टोचलेलं कळत नाही.

आणखी एक गंमत करायची. कमरेच्या आतून फितीचे दोन लूप शिवायचे, अंगठा सहज जाईल एवढे. एक डाव्या कुशीला, दुसरा मधोमध न लावता थोडा उजवीकडे, जिथपर्यंत डावा हात पोहोचतो. पँट नेहमी लकव्याच्या बाजूला खाली राहते, हे तुम्ही पाहिलं असेल. त्या लूपने ती बाजू वर येते. लघवीला पुढचा भाग याच लूपने खाली घेता येतो, झिपची कटकट नाही. घरात रोज घालायला तर नवं शिवूच नका, त्यांच्या पायजम्यांची नाडी काढून इलास्टिक ओवा. नेफ्याचं तोंड शिवून बंद करू नका. खान्देशातल्या उन्हात रोज वाळणारं इलास्टिक लवकर मरतं, ते बदलता आलं पाहिजे.

कापडाचं म्हणाल तर आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ गाठतो. पॉलिस्टर आणि घट्ट इलास्टिक एकत्र आलं की कमरेला घामोळं ठरलेलं. सुती होजिअरीत थोडा लायक्रा, म्हणजे ताणणारा धागा, असलेलं कापड घ्या. कापूस आपल्या शेतात पिकतो पण होजिअरी येते तिरुपूरहून; जळगावच्या फुले मार्केटात किंवा आमच्या आग्रा रोडला मीटरवर मिळते. घेताना दोन हातांत धरून ताणून सोडा. ताणलेलं तसंच राहिलं तर ते गळ्याला कामाचं नाही.

इथे वाचणाऱ्या बायकांसाठी एवढंच: आईला किंवा सासूला असाच त्रास असेल तर परकराची नाडी आधी बदला. २०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात दोन म्हाताऱ्या बायकांची उदाहरणं छापली. कमरेला एकाच जागी वर्षानुवर्षं घट्ट बांधल्याने झालेली जखम भरली नाही आणि पुढे त्वचेचा कॅन्सर निघाला. त्यातली एक तर परकराशिवाय लुगडं नेसणारी होती. असं क्वचित होतं, पण काळा पडलेला करकोचा बहुतेकींच्या कमरेला असतो. रुंद इलास्टिकचा परकर आणि निऱ्या शिवून ठेवलेली साडी, हे एका हाताने जमतं.

आता बूट, आणि इथे मी तुम्हाला थोडं थांबवणार आहे.

बिनलेसचे बूट काही नवे नाहीत. लंडनच्या थॉमस हँकॉकने १८२० मध्येच रबराच्या ताणाने हातमोजे, बूट वगैरे बसवायचं पेटंट घेतलं होतं. बाजूला इलास्टिकचा तुकडा लावलेले बूट त्याच शतकात इंग्लंडमध्ये चालू झाले. हल्ली ज्यांची चर्चा असते, ते हात न लावता घालायचे बूट मात्र वेगळे. अमेरिकेतल्या मॅथ्यू वॉल्झर नावाच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे हालचालींवर नीट ताबा न राहण्याचा मेंदूचा विकार, त्यामुळे लेस बांधता येत नव्हती. त्याने २०१२ मध्ये नाइकीला पत्र लिहिलं. २०१५ मध्ये त्यांचा मागून झिपने उघडणारा बूट आला, आणि २०२१ मध्ये असा आला की ज्याचा तळवा मध्ये मोडतो. पाय टाकून टाच दाबली की तो मिटतो. दुसऱ्या कंपन्या टाचेची मागची भिंत कडक आणि उशीसारखी फुगीर करतात, पाय तिच्यावरून घसरून आत जातो.

या सगळ्यांना एक गोष्ट लागते, ती म्हणजे पावलाचा जोर. पाय पुढे ढकलायचा आणि टाच खाली दाबायची. लकव्याच्या पायाला नेमका हाच जोर नसतो, पंजा खाली लोंबतो, कधी बोटं आत वळतात. डाव्या पायात बूट झटकन जाईल, उजव्यात अडून बसेल. म्हणून महागडा जोड घ्यायच्या आधी कोणाकडून तरी तसा बूट मागून आणा आणि उजव्या पायात घालून बघा.

तुमचा बूट टाचेतून का निघतो तेही यातच आहे. त्याची टाच अंगठ्याने दाबून बघा. दाबल्यावर आत दुमडून तशीच पडून राहिली तर तो बूट पाय धरूनच ठेवत नाही. दाब काढताच टाच उसळून परत उभी राहिली पाहिजे. दुसरं, पायावरचा भाग उंच हवा, घोट्याच्या जवळपास येणारा. दिसायला छान, उथळ लोफर या माणसासाठी नाही. आणि मागे टाच नसलेली स्लिपर तर चालताना घालूच देऊ नका. लोंबता पंजा ती ओढत नेतो, आणि घरात पडायला तेवढं निमित्त पुरतं.

माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि चांगला उपाय म्हणजे त्यांचेच जुने, पायाला सवयीचे लेसचे बूट. लेस काढून इलास्टिकची लेस ओवा, गाठ एकदाच मारा. वर जीभ दोन टाक्यांनी एका बाजूला शिवून टाका, म्हणजे ती आत गोळा होत नाही. सोबत दीड-दोन फुटांचा लांब शूहॉर्न घ्या. वाकावं लागत नाही, वाकलं की तोल जातो. बाजूला इलास्टिकचा तुकडा बसवून हवा असेल तर गटईच्या स्टॉलवर होतं, मी इथे करून घेते. फक्त सांगायचं की इलास्टिक दोन्ही बाजूंना सारखं हवं, नाहीतर पाऊल एका अंगाला कलतं.

पण पायात स्प्लिंट असेल तर वरचं सगळं विसरा. स्प्लिंटसकट पाऊल आत जायला बूट बोटांपर्यंत उघडावा लागतो, एखादा नंबर मोठा लागतो, आतला सुटा तळवा काढावा लागतो. तिथे रुंद वेल्क्रोचा पट्टाच बरा. वेल्क्रो एका हाताने ओढता येतो. बंद नको म्हणून हट्ट धरायचा नाही. एका हाताला जमेल असा बंद चालतो.

साखर असेल आणि तळपायाला स्पर्श कळत नसेल तर आणखी एक. अशा माणसाच्या पायातून चप्पल निघून जाते आणि त्याला पत्ता नसतो, तो तसाच अनवाणी चालत राहतो. डॉक्टर हे लक्षण म्हणून विचारतातसुद्धा. त्यांना अंगठ्याची चप्पल नको. मऊ एमसीआर, म्हणजे बारीक छिद्रांच्या स्पंजासारख्या रबराच्या, मागे पट्टा असलेल्या चपला मिळतात, त्या बघा. आवळणारं इलास्टिक तिथे नको, कारण रुतलेलं कळणार नाही. कोणताही बूट घालण्याआधी आत हात फिरवून खडा-काटा बघायचा, आणि नवा जोड संध्याकाळी घ्यायचा, तेव्हा पाय सुजलेला असतो. फोमच्या भोकांच्या क्लॉग घेतल्यात तर गच्चीवर उन्हात वाळत टाकू नका. आक्रसतात, आणि मग दुकानदाराशी भांडण होतं.

लग्नासाठी: वर सांगितला तसा चिरेचा कुडता, त्यावर बिनबाह्यांचं जाकीट. जाकिटाची बटणं लावायचीच नाहीत, उघडंच शोभतं. खाली सरळ पायजमा. चुडीदार अजिबात नको, तो निरोगी माणसालाही टाचेवरून ओढावा लागतो. मोजडीचा मोह होईल, तिला लेस नसते म्हणून. पण चामड्याचा गुळगुळीत तळ, टाचेला पकड नाही आणि मंगल कार्यालयाची फरशी. नकोच. रोजचे बूट काळे करून घ्या. टोपी घालत असतील तर तिला आजवर कोणाला बटण लावावं लागलं नाही.

चुंबकाची बटणं दिसतील ऑनलाइन, शर्टावर छान बसतात. पण हृदयात पेसमेकर असेल तर ती छातीवर नको.

मापं घेताना दोनदा घ्या, उभं राहून आणि खुर्चीत बसून. कंबर आणि मागची उंची यात फरक पडतो, शिंप्याला दोन्ही द्या. आणि एकदम चार जोड शिवायला टाकू नका. एक शर्ट, एक पँट करा. त्यांना पलंगाच्या कडेला बसवून कोणी हात न लावता घालू द्या, काढू द्या, दुसऱ्या दिवशी सकाळी परत. कुठे अडतं ते लिहून ठेवा, बहुतेक वेळा मुंढा किंवा सीट असते, आणि तेवढंच उसवून बाकीचे त्या मापाने शिवा. उजवा हात कोपरात किती उघडतो ते इथेच कळवा, म्हणजे बाहीची रुंदी किती ठेवायची ते सांगते.